शेफील्डची पाणचक्की पाहायला जाताना

इंग्लंडमधले शेफील्ड सुऱ्या, कात्र्या आणि पोलाद यांसाठी जगभर नावाजलेले आहे. मात्र या धंद्याचा पाया वाफेच्या इंजिनाने घातला नाही, तर पेनाइन डोंगरांच्या उतारावरून शहरात येणाऱ्या पाच नद्यांनी घातला, हे तेथे वर्ष-दोन वर्षे शिकायला राहिलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली अशी त्यांची नावे. त्यांतल्या बहुतेकींना आपण ओढाच म्हणू. परंतु उतार भरपूर आणि पाऊस बारमाही असल्यामुळे प्रत्येकीच्या काठाने पाणचक्क्यांची रांग उभी राहिली आणि पुढे त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. सुरीच्या पात्याला घासून आकार व धार देणे हे त्यांच्यापैकी बहुतेकींचे काम होते.

या चक्क्यांपैकी यंत्रसामग्रीसह चालू स्थितीत आज फार थोड्या उरल्या आहेत. पोर्टर ब्रुक या ओढ्यावरची शेफर्ड व्हील ही त्यांतली पाहायला सर्वांत सोपी. तेथे प्रथमच जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावरच बेतलेला आहे. ही छोटी दगडी इमारत म्हणजे संपूर्ण यंत्र नव्हे, ते यंत्राचे शेवटचे टोक आहे. जे थेट दारातून आत शिरतात ते दहा मिनिटांत बाहेर येऊन ‘एवढेच?’ असे विचारतात. जे वरच्या अंगाने, पाण्याच्या मागून येतात त्यांना तासही पुरत नाही.

पाणचक्की म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की येते. तेथे लांबच्या झऱ्याचे पाणी मातीच्या बंद नळांतून आणले आहे, त्या पाण्याच्या झोताने आडवे चाक फिरते आणि त्याच उभ्या दांड्यावर बसवलेले जाते धान्य दळते. शेफर्ड व्हीलचे चाक उभे आहे, त्याचा आस आडवा आहे आणि येथे धान्याचा संबंध नाही. ही कल्पना मनाशी पक्की असली म्हणजे आत गेल्यावर जाते शोधण्यात वेळ जात नाही.

जाण्याआधी ठरवायच्या गोष्टी

पहिला प्रश्न दिवसाचा. शेफर्ड व्हील रोज उघडी नसते. साधारणपणे शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला ती पाहता येते. शेफील्ड म्युझियम्स ट्रस्ट ही संस्था ती चालवते, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याच्या वेळा पाहूनच बेत पक्का करावा. प्रवेशाला तिकीट नाही. ऐच्छिक देणगी मात्र आनंदाने स्वीकारली जाते आणि ती द्यावी, कारण लाकूड आणि पाणी यांचा संसार सांभाळणे स्वस्त नसते.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. इमारत उघडी असणे आणि चाक फिरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जून-जुलैत पाऊस ताणला तर तळ्यात चाक फिरवण्याइतके पाणी राहत नाही, आणि शरद ऋतूत पानगळीचा कचरा पाटाच्या जाळीत अडकून पाण्याची वाट अडते. म्हणून निघण्यापूर्वी संस्थेला दूरध्वनी करून किंवा ईमेल पाठवून ‘त्या दिवशी चाक चालवणार आहात का?’ असे सरळ विचारावे. पर्याय असेल तर चांगला पाऊस होऊन गेल्यानंतरचा शनिवार-रविवार निवडावा. पाऊस पडतो म्हणून बेत रद्द करण्याची आपली सवय येथे उलटी वापरावी लागते. उन्हाळ्यातली ही अडचण जुनीच आहे. येथे बसणाऱ्या कारागिरांना पगार नसे, जितके काम तितकेच पैसे मिळत. त्यामुळे ओढा आटला की त्यांच्या घरातली चूलही मंदावत असे.

कपड्यांविषयी फार सांगण्याची गरज नाही. पायवाट ओली आणि चिखलाची असते, म्हणून तळाला पकड असलेले बूट घालावेत आणि उन्हाळ्यातही एखादे गरम जाकीट बरोबर ठेवावे, कारण पाण्यालगतच्या दगडी भिंतींच्या आत चांगलाच गारवा असतो. शेफर्ड व्हीलला उपाहारगृह नाही, तेव्हा खाणे-पिणे आणि स्वच्छतागृह यांची सोय वाटेत एंडक्लिफ पार्कमध्येच उरकून घ्यावी. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन येणाऱ्यांनी आतल्या पायऱ्या आणि अरुंद वाटा यांची चौकशी आधी करावी.

वाट कोणती धरावी

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून शेफील्डला थेट गाड्या आहेत आणि प्रवासाला साधारण दोन तास लागतात. मँचेस्टरहून तासाभरात पोहोचता येते. शेफील्ड स्थानकावर उतरल्यावर एक्लेसॉल रोडने जाणारी बस घेऊन हंटर्स बार या चौकात उतरावे. जुन्या जकातनाक्याचे दगडी खांब या चौकाच्या मध्यभागी अजून उभे आहेत, त्यामुळे थांबा ओळखायला अडचण येत नाही. चौकालगतच एंडक्लिफ पार्कचे प्रवेशद्वार आहे. मोटारीने येणारे चक्कीच्या जवळ, हँगिंगवॉटर रोडच्या बाजूने उतरू शकतात. पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी ही सोय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पार्कमधली वाट हीच प्रेक्षणाची पहिली पायरी आहे.

वाटेचा नियम एकच: ओढा नजरेआड होऊ द्यायचा नाही आणि प्रवाहाच्या उलट दिशेने चालत राहायचे. एंडक्लिफ पार्कमध्ये बदकांची तळी लागतात. लोक तेथे मुलांना घेऊन येतात, पण ही तळी शोभेसाठी खोदलेली नाहीत. नाहीशा झालेल्या चक्क्यांचे ते पाणीसाठे आहेत. शेफील्डकडे अशा तळ्यालाच ‘डॅम’ म्हणतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे नकाशावर ओळीने दिसणाऱ्या डॅमचा उलगडा होतो. याच पार्कमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी एक अमेरिकी बाँबफेकी विमान कोसळून त्यातले दहाही जण मरण पावले. त्यांचे स्मारक झाडीच्या उतारावर आहे. चक्कीशी त्याचा संबंध नाही, तरीही तेथे दोन मिनिटे थांबावे. पुढे रस्ता ओलांडून बिंगहॅम पार्क लागतो, झाडी दाट होते आणि रमतगमत अर्ध्या तासात उजाड माळावरच्या घरासारखी बसकी, लांबट दगडी इमारत दिसू लागते.

आत जाण्याची घाई करू नये

इमारत दिसली तरी तिला बाजूला ठेवून वरच्या अंगाला चालत राहावे. चक्कीला लागणारी ताकद ओढ्याच्या वेगातून येत नाही, ती उंचीतून येते. आणि ही उंची कशी कमावली आहे ते वरूनच दिसते. ओढ्यावर एक बंधारा घालून त्याचे काही पाणी बाजूच्या पाटात वळवले आहे. ओढा आपल्या उताराने खाली जात राहतो, पाट मात्र जवळजवळ सपाटीने चालतो. त्यामुळे पुढे जावे तसतसे पाट आणि ओढा यांच्या पातळ्यांतले अंतर वाढत जाते. पाटाचे पाणी शेवटी तळ्यात साठते, आणि तळ्याच्या खालच्या टोकाशी चाक बसवले आहे. तळ्याच्या काठावर उभे राहून एकदा तळ्याकडे आणि एकदा खालच्या ओढ्याकडे पाहावे. या दोन पातळ्यांमधला फरक हेच कारखान्याचे इंधन.

तळे कशासाठी, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. पाट थेट चाकावर सोडला असता तर ओढ्यात जेवढे पाणी त्या क्षणी असेल तेवढ्यावरच काम भागवावे लागले असते. तळ्यामुळे रात्रीचे पाणी दिवसासाठी साठवता येते. मात्र त्यात गाळही साठतो, आणि तो काढला नाही तर साठा वर्षागणिक कमी होत जातो. आजही अशा तळ्यांच्या देखभालीतला मोठा खर्च गाळ काढण्याचाच असतो. तळे भरून वाहू लागले की जादा पाणी ज्या वाटेने ओढ्यात परत जाते, ती वाटही शोधून पाहावी. एका ओढ्यावर ओळीने चक्क्या असल्यामुळे वरच्याने सोडलेले पाणी खालच्याचे भांडवल होते, आणि वरच्याने झडप बंद ठेवली की खालच्याचे चाक थांबे.

चाकाजवळ

आता खाली यावे आणि चाकापाशी थांबावे. व्यास सुमारे १८ फूट आहे, म्हणजे दोन मजली घराच्या उंचीच्या आसपास. पाणी लाकडी पन्हाळीतून चाकाच्या माथ्यावर येते आणि परिघावरच्या कप्प्यांत पडते. काही चक्क्यांत पाण्याचा लोट चाकाच्या तळाला धडकून ते फिरते. ती रचना बांधायला सोपी, पण तिच्यात पाण्याची ताकद बरीच वाया जाते. यॉर्कशरचाच अभियंता जॉन स्मीटन याने लहान नमुने करून १७५९ मध्ये दाखवून दिले की माथ्यावरून पाणी घेणारे चाक तळाशी पाणी घेणाऱ्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम देते. पोर्टरसारख्या बारीक ओढ्यावर हा फरक म्हणजे धंदा चालण्या-बुडण्याचा प्रश्न होता.

झडप उघडण्याची वेळ स्वयंसेवकाला विचारून त्या क्षणी बाहेर चाकाशीच असावे. झडप वर जाते, पाणी पन्हाळीच्या टोकाशी येते आणि पहिल्या कप्प्यात पडते. चाक मात्र हलत नाही. दुसरा कप्पा भरतो, कडेने पाणी सांडू लागते, तरीही चाक स्थिरच असते. मग एका बाजूचे वजन पुरेसे झाले की चाक सुटते, पहिला फेरा अगदी रेंगाळत घेते आणि खाली आलेले कप्पे एकामागून एक रिकामे होऊ लागले की त्याला लय सापडते. धक्क्याने नव्हे, वजनाने चाक फिरते, ही गोष्ट कोणत्याही आकृतीपेक्षा या काही सेकंदांत अधिक चांगली समजते. मुले बरोबर असतील तर त्यांना कठड्याच्या आत ठेवावे; ओल्या दगडावर पाय सटकतो, आणि चाकाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही.

आतले दालन

आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत दाराजवळच थांबावे. त्यानंतर नजरेने ताकदीचा माग काढावा. चाकाचा आस भिंतीतून आत येतो. आतल्या मोठ्या दातेरी चाकावरून फिरणे दुसऱ्या आसाकडे जाते आणि वाढत्या वेगाने पुढे सरकते. त्या आसावरच्या लाकडी पिंपांवरून चामडी पट्टे निघून धारेच्या दगडांपर्यंत पोहोचतात. बाहेर चाक सावकाश फिरते आणि आत दगड मात्र गरगरतो, तो या सगळ्या साखळीमुळे.

धारेचा दगड पाण्याच्या हौदासारख्या चौकोनी खळग्यात फिरतो आणि त्याच्या मागे घोड्याच्या खोगिरासारखी लाकडी बैठक असते. कारागीर तीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसे, पुढे वाके, कोपरे गुडघ्यांवर टेकवे आणि लाकडी पकडीत धरलेले पाते दगडावर दाबे. दाब नुसत्या हातांचा नसे, सगळ्या शरीराचा असे. ही बैठक साखळ्यांनी जमिनीला जखडलेली असते. साखळ्या अवश्य पाहाव्यात. वेगाने फिरणाऱ्या दगडात आतून भेग असली तर तो फुटे, आणि फुटलेले तुकडे कारागिराला बैठकीसकट उडवून देत. नवा दगड चढवताना तो हातोडीने वाजवून त्याच्या आवाजावरून भेग आहे की नाही ते ओळखण्याचा प्रयत्न कारागीर करीत. तरीही असे मृत्यू शेफील्डमध्ये वारंवार होत.

दुसरा धोका सावकाश मारणारा होता. दगड वाळूच्या खडकाचा, त्यामुळे घासताना त्याची बारीक धूळ हवेत मिसळे आणि फुप्फुसांत साठे. ओल्या दगडावर ही धूळ बरीचशी चिखल होऊन खाली बसे. हौदांच्या कडेला आणि भिंतींवर आजही दिसणारा पिवळट थर त्याचाच. पण जेवणाच्या काट्यांसारख्या काही वस्तू कोरड्या दगडावर घासल्या जात, आणि त्या कामातली माणसे तरुणपणीच दगावत. एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या डॉक्टरांनी याविषयी सविस्तर लिहिले, धूळ ओढून घेणारे पंखेही सुचवले गेले; पण दगडाची जागा कृत्रिम पदार्थांच्या चाकांनी घेईपर्यंत हा रोग पुरता हटला नाही. सिलिकोसिस हे त्याचे आजचे नाव. आपल्याकडे दगडखाणींत आणि दगडफोडीच्या कामात तो आजही माणसे मारतो, तेव्हा या दालनात केवळ ‘जुन्या काळची गंमत’ पाहत असल्याच्या थाटात वावरू नये.

ही माणसे कोणाची नोकर होती, असा प्रश्न पडला तर उत्तर थोडे अनपेक्षित आहे. बरेचसे कारागीर स्वतंत्र होते. ते चक्कीच्या मालकाकडून किंवा मुख्य भाडेकऱ्याकडून एक दगड, एक बैठक आणि पाण्याची ताकद भाड्याने घेत, आणि निरनिराळ्या व्यापाऱ्यांकडून पाती आणून घासून देत. शेफील्डच्या बोलीत अशांना ‘लिटल मेस्टर’, म्हणजे छोटे मालक, म्हणत. ठोकणारा वेगळा, घासणारा वेगळा आणि मूठ बसवणारा तिसराच, अशी कामाची वाटणी असे. त्यामुळे एक सुरी तयार होईपर्यंत शहरातल्या तीन-चार गल्ल्या फिरून येई.

या जागेचा इतिहास थोडक्यात असा. १५८४ च्या एका मृत्युपत्रात येथल्या चक्कीचा उल्लेख सापडतो. १७९४ मध्ये ती शेफर्ड आडनावाच्या भाडेकऱ्याकडे होती, तेथे दहा माणसे काम करीत, आणि त्याचेच नाव तिला कायमचे चिकटले. पुढे हाइंड घराण्याच्या हाती ती १९३० च्या सुमारापर्यंत चालली. म्हणजे शहरात वीज आणि मोठमोठे पोलाद कारखाने आल्यानंतरही येथे ओढ्याच्या पाण्यावर पाती घासली जात होती. १९६२ मध्ये तिचे संग्रहालय झाले, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडले, आणि लॉटरीच्या पैशांतून उभारलेल्या वारसा निधीच्या मदतीने दुरुस्ती होऊन २०१२ मध्ये ते पुन्हा उघडले.

येथले स्वयंसेवक बोलके असतात, पण विचारल्याखेरीज खोलात जात नाहीत. त्यांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: चाकाचा आणि पन्हाळीचा कोणता भाग जुना व कोणता बदललेला, आणि गेल्या खेपेला काय बिघडले होते. पाण्यातले लाकूड कुजतेच, त्यामुळे ‘मूळ चाक’ ही कल्पना अशा ठिकाणी ताणून धरण्यात अर्थ नसतो. पण काय बदलले आणि का, हे ऐकताना यंत्र अधिक कळते.

पोलाद कोठून येई, हे पाहण्यासाठी ॲबीडेल

शेफर्ड व्हीलमध्ये पोलाद घासले जाई, ते तेथे तयार होत नसे. ते कसे होई हे पाहायचे असेल तर शहराच्या नैर्ऋत्येला, शीफ नदीच्या काठी असलेल्या ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेटला जावे. डोर अँड टॉटली हे रेल्वे स्थानक तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि ॲबीडेल रोडने बसही जातात. येथे तिकीट आहे आणि उपाहारगृहही आहे. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी करायची असतील तर शनिवार किंवा रविवार धरावा लागेल. सकाळी शेफर्ड व्हील आणि जेवणानंतर ॲबीडेल हा क्रम मला बरा वाटतो, कारण एक यंत्र नीट समजल्यावर ॲबीडेलचा चार चाकांचा पसारा आवाक्यात येतो.

गवत आणि पीक कापण्याचे लांब पात्यांचे मोठे विळे ॲबीडेलमध्ये तयार होत. १८४९ पासून १९३३ पर्यंत टायझॅक घराण्याकडे हा कारखाना होता. पोलाद वितळवण्यापासून तयार माल कोठारात ठेवण्यापर्यंतची सगळी कामे एकाच चौकाभोवती, हे त्याचे वैशिष्ट्य. शेफील्डच्या विखुरलेल्या धंद्यात असे क्वचितच आढळे. येथेही प्रथम मागे जाऊन तळे पाहावे आणि मगच चौकात उतरावे.

चौकात पहिला थांबा मुशींच्या, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यांच्या, भट्टीचा. त्या काळी स्वीडनहून आणलेल्या लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत गाडून आठवडाभर तापवत आणि त्यांचे पोलाद करीत. पण कार्बन बाहेरून आत मुरत असल्यामुळे पट्टीच्या पृष्ठभागी तो जास्त आणि गाभ्यात कमी राहत असे. बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी होता. स्प्रिंगसाठी त्याला सर्वत्र सारखे पोलाद हवे होते. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ त्याने हे पोलाद तुकडे करून मातीच्या झाकणबंद मुशीत पूर्ण वितळवण्याची रीत बसवली. ऐकायला ही युक्ती सोपी वाटते, पण सुमारे १,६०० अंश सेल्सियसचा ताप कित्येक तास सोसेल अशी मूस घडवणे हीच तिची खरी किल्ली होती. मुशीची माती तासन् तास अनवाणी पायांनी तुडवत, कारण आत एखादा खडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर तो पायालाच कळे; आणि इतके करूनही एक मूस दोन-तीन वेळाच वापरता येई.

भट्टीच्या खोलीत जमिनीशी झाकणे दिसतात. त्यांच्या खाली कोकमध्ये, म्हणजे भाजून घेतलेल्या दगडी कोळशात, पुरलेल्या मुशी असत. वितळण पुरी झाली की पायाला आणि अंगाला ओली गोणपाटे गुंडाळलेला माणूस भट्टीच्या तोंडावर दोन पाय फाकून उभा राही आणि लांब सांडशीने मूस वर ओढून काढी; दुसरा ती उचलून पोलादाची धार साच्याच्या कडेला न लागू देता बरोबर मधोमध ओती. मुशीत पोलाद तयार झाले की नाही हे सांगायला मापक नव्हता, अनुभवी माणूस झाकण सरकवून निव्वळ नजरेने ओळखे. खालच्या तळघरातही अवश्य उतरावे, कारण भट्टीला हवा तेथूनच मिळत असे. बाहेर आल्यावर या भट्टीचे रुंद, चपटे धुराडे पाहावे. या प्रकारची संपूर्ण शाबूत राहिलेली भट्टी जगात ही एकच मानली जाते, आणि दुसऱ्या महायुद्धात ती पुन्हा पेटवण्यात आली होती.

हंट्समनच्या कितीतरी शतके आधी दक्षिण भारतात लहान मुशींतून पोलाद होत होते, हे मराठी वाचकाला सांगितलेच पाहिजे. मुंबईत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे, म्हणजे ‘वूट्झ’चे, नमुने १७९४ मध्ये लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि तेथल्या शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली. पुढे मायकेल फॅरेडे आणि सुऱ्या व शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी वूट्झचे कोडे सोडवण्याच्या नादात मिश्रपोलादांचे प्रयोग केले, आणि त्यांतले मोठ्या प्रमाणावरचे ओतकाम शेफील्डमध्येच झाले. मुंबईच्या बंदरातून गेलेल्या त्या नमुन्यांचा उल्लेख भट्टीजवळच्या माहितीत शोधत बसू नये. तो आपणच बरोबर न्यावा.

दुसरा थांबा पाण्यावर चालणाऱ्या घणांचा. येथले चाक एका आसावरच्या उंचवट्यांनी घणाची शेपटी खाली दाबते. उंचवटा निसटला की घण ऐरणीवर आदळतो. विळ्याचे पाते संपूर्ण पोलादाचे नसे. दोन बाजूंना साधे लोखंड आणि मधे पोलादाची पट्टी असे तीन थर तापवून या घणाखाली एकजीव करीत, म्हणजे पाते चिवटही राहे आणि धारही टिके. मग त्याला पाणी देऊन कडकपणा आणत आणि शेजारच्या दालनात ते घासत. ही घासण्याची जागा शेफर्ड व्हीलपेक्षा बरीच प्रशस्त असल्याचे लगेच जाणवेल. १८४२ मध्ये कामगार संघटनेबाहेरच्या माणसांना काम दिल्याच्या रागातून येथे बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवण्यात आला होता. शेफील्डमधल्या कामगार-मालक संघर्षातली अशी प्रकरणे पुढे १८६० च्या दशकात देशभर गाजली. घण आणि चाके रोज चालवली जात नाहीत. काही खास दिवशी कारागीर भट्ट्या पेटवून काम करून दाखवतात, तेव्हा शक्य असल्यास अशीच तारीख गाठावी.

कामगारांची घरे, व्यवस्थापकाचे घर आणि मालाचे कोठार यांना अर्धा तास पुरेसा आहे.

आणखी एक दिवस असेल तर

रिव्हलिन खोऱ्यात एकेकाळी वीसएक चक्क्या होत्या. तेथे आता पडक्या भिंती, कोरडे पाट आणि शेवाळलेले दगडच उरले आहेत, आणि पायवाट त्यांच्या काठाकाठाने जाते. दुरुस्त केलेली चक्की पाहून झाल्यावर हे अवशेष ओळखता येऊ लागतात, त्याआधी ते नुसते दगडांचे ढीग वाटतात. लॉक्सलीच्या खोऱ्यात ११ मार्च १८६४ च्या रात्री वरचे डेल डाइक धरण फुटून सुमारे २४० माणसे गेली आणि काठच्या अनेक चक्क्याही वाहून गेल्या. शहराच्या मध्यभागाजवळ डोनकास्टर स्ट्रीटला १८४८ मधली शंकूच्या आकाराची एक भट्टी उभी आहे. लोखंडाच्या पट्ट्या आठवडाभर तापवून पोलाद करण्याची जी रीत वर सांगितली ती अशाच भट्टीत चाले. ती बाहेरून पाहायला पाच मिनिटे लागतात.

पाण्यानंतर काय आले हे पाहायचे असेल तर केलहॅम आयलंड संग्रहालय गाठावे. डॉन नदी आणि जुना चक्कीचा पाट यांच्या मधल्या तुकड्यावर ते वसले आहे, आणि तेथे १९०५ मध्ये बांधलेले, बारा हजार अश्वशक्तीचे ‘रिव्हर डॉन’ वाफेचे इंजिन अजून चालवून दाखवतात. युद्धनौकांची जाड चिलखती पत्रे लाटण्यासाठी ते वापरत. इंजिन दिवसातून ठरावीक वेळांनाच चालते, म्हणून तिकीट घेतानाच पुढची वेळ विचारून घ्यावी आणि थोडे आधी जाऊन कठड्याजवळ जागा धरावी.